भटकंतीचे प्रश्न : टोपोशीट घ्यायची तर कुठली?

प्रश्न : नमस्कार दादा, आमचा ऐरोलीचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, कर्जत-मुरबाड साइडला ट्रेक चालू असतात. आतापर्यंत कोणीतरी टाकलेला जीपीएस ट्रॅक फोनवर घ्यायचा आणि त्याच्यावरून चालायचं एवढंच केलंय. आता स्वतः वाटा शोधायच्यात, म्हणून जमिनीचा चढउतार दाखवणारा नीट टोपो नकाशा घ्यायचाय. कुठला घ्यावा? फुकट ॲपमधले कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, चालतात का?

उत्तर : फार बरं वाटलं हा प्रश्न वाचून. ट्रॅक म्हणजे कोणी एक माणूस एका दिवशी कुठून गेला एवढंच, तो ढोरवाटेला लागला असेल तर तुम्हीपण ढोरवाटेलाच लागणार, आणि त्या रेषेच्या डावी-उजवीकडे कडा आहे की पठार हे त्यात कळतच नाही. नकाशात जमीन कळते.

सह्याद्रीसाठी सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा खात्याची १:५०,००० ची शीट घ्या, टोपोशीट म्हणतात ती हीच. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, डोंगरी भागात कंटूर साधारण वीस-वीस मीटरवर, दर पाचवी रेष जाड. १:२,५०,००० ची शीट मिळाली तर ती एसटी कुठून जाते ते बघायला ठीक, डोंगरात तिचा उपयोग नाही, अख्खी नाळ (डोंगरातली अरुंद घळ) त्यात दिसेनाशी होते. ओपन सीरिजच्या, म्हणजे सर्वांसाठी खुल्या केलेल्या, शीट २०१७ पासून सर्व्हेच्या पोर्टलवर पीडीएफमध्ये मिळायला लागल्या, तिथूनच उतरवा, फॉरवर्ड होऊन आलेला धूसर स्कॅन नको.

जुन्या पुस्तकांत आणि ट्रेकर मंडळींच्या बोलण्यात अजून शीटचे जुने नंबर असतात. आपल्या भागातलं बरंचसं ४७ ई आणि ४७ एफमध्ये येतं, आणि दोन्हीच्या मधे बरोबर १९ अंश अक्षांशाची रेष. म्हणजे नेरळ स्टेशन ४७ ई/८ वर आणि माथेरानचं मार्केट ४७ एफ/५ वर, एका सकाळच्या चढाईला दोन शीट लागतात! म्हणून शीट मागवताना किल्ल्याचं नाव बघून थांबू नका, पायथ्याचं गाव आणि उतरायची बाजू त्याच शीटवर आहे का ते बघा, नाहीतर शेजारचीपण घ्या.

जुनी शीट वापरणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुन्या शीट एव्हरेस्ट डेटमवर आहेत (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो), ओपन सीरिज डब्ल्यूजीएस ८४ वर, फोनचा जीपीएसपण डब्ल्यूजीएस ८४ वरच. फोनवरचे अक्षांश-रेखांश जुन्या शीटवर तसेच टाकले तर आपल्याकडे शंभरेक मीटरचा फरक पडतो, कागदावर तो जेमतेम दोन मिलिमीटर दिसतो पण डोंगराच्या धारेवर शंभर मीटर म्हणजे तुम्ही धारेवर आहात की पलीकडच्या घळीत एवढा फरक आहे.

आता ॲपचे कंटूर. फुकट नकाशांतले बरेचसे कंटूर २००० साली अमेरिकेच्या स्पेस शटलने केलेल्या रडार मोजणीवरून काढलेले असतात, साधारण तीस मीटरला एक उंची. मोकळ्या टेकाडाला ते चालतं. पण आपला डोंगर म्हणजे बसाल्टच्या थरांची रचना, सपाट पट्टा मग उभा कातळ, परत सपाट पट्टा, आणि तीस मीटरच्या मापात तो उभा कातळ घसरगुंडीसारखा तिरका होऊन जातो. स्क्रीनवर उतरता येईल असा उतार दिसतो आणि तिथे प्रत्यक्षात कडा असतो. टोपोशीटवर तुटलेल्या कड्याला वेगळी खूण असते, रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतात. रेषांमध्ये एक मिलिमीटर अंतर असेल तर चढ साधारण बावीस अंशांचा, अर्ध्या मिलिमीटरवर आलं तर चाळिशीच्या जवळ, त्याहून दाट असेल तिथे रोप लागेल असंच धरून चला. आणि शीटवरही पंधरा मीटरचा रॉक पॅच दोन रेषांच्या मधे पूर्ण लपू शकतो, हे क्लाइंबिंग करणाऱ्यांनी तर विसरूच नये. त्यासाठी गावातल्या माणसाला विचारणं आलंच.

पाण्याच्या बाबतीत शीट फार कामाची. ज्या ओढ्याला पाणी टिकतं तो निळा, कोरडा पडणारा काळा. मार्चमध्ये काळ्या रेषेच्या भरवशावर मुक्काम टाकू नका.

शिवाय समासात सर्व्हेचं साल असतं ते वाचा. धारा-खिंडी तिथेच असतात पण वाड्या, रस्ते, धरणं बदलतात, बारवी धरणाची उंची वाढवल्यावर पाणी कुठवर आत गेलं हे जुन्या शीटवर कुठून दिसणार? असल्या गोष्टींना ताजं सॅटेलाइट चित्र शेजारी ठेवा.

सरावाला नेरळ-माथेरानच घ्या. ट्रॅक बंद, प्रत्येक वळणावर थांबून समोरची सोंड (डोंगराची खाली उतरत गेलेली धार) शीटवर बोटाने दाखवायची. सोंडेवर कंटूरचं टोक उताराकडे जातं, नाळेत चढाकडे. कंपाससाठी आपल्याकडे चुंबकीय फरक (कंपासची उत्तर आणि खरी उत्तर यांतला) एक अंशाच्याही आत आहे, त्यामुळे तो धरला नाही तरी चालतं.

प्रश्न : मी नेरुळची, पुढच्या वर्षी हिमाचलमध्ये एका शिखरावर जायचा विचार आहे. तिकडे पण सर्व्हेच्याच शीट घ्यायच्या का?

उत्तर : मिळाली तर हो, आधी तीच बघा. पण सीमेलगतच्या भागाच्या शीट वर्षानुवर्षं सर्वसामान्य माणसाला मिळतच नव्हत्या, म्हणून क्लाइंबर लोक अमेरिकन आर्मीची जुनी यू ५०२ सीरिज वापरत आले. १:२,५०,००० ची आहे, टेक्सास युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीने ती नेटवर फुकट ठेवलीये. तिच्यावरून खोरी आणि मोठ्या धारा समजतात, चढाईची लाइन ठरवता येत नाही. लिओमनचे १:२,००,००० चे ट्रेकिंग मॅप दुकानात मिळतात, त्यात धारा दाखवल्यात, एका पासमधून दुसऱ्या खोऱ्यात कसं जायचं हे ठरवायला चांगले. कुठलाही जुना नकाशा असो, हिमनदीचं तोंड त्यात दाखवलंय तिथे आता नसणार असं समजा, ती मागे सरकलेली असते आणि मधे नुसता मोरेनचा, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला, दगडधोंडा, तिथे वेळ दुप्पट धरा. बेस कॅम्पच्या वरचं प्लॅनिंग आधीच्या टीमच्या फोटोंवरूनच करावं लागतं.

प्रश्न : पावसात कागद भिजतो, मग फोनवरच पीडीएफ ठेवली तर?

उत्तर : फोनवर ठेवाच, पण ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून ग्रुपमध्ये दोघांकडे तरी कागद हवा. अख्खी शीट न्यायची गरज नाही, लागणारा भाग कलर प्रिंट करून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, ब्लॅक अँड व्हाइट काढली तर निळे आणि काळे ओढे एकच दिसतील. झेरॉक्सवाल्याला 'फिट टू पेज' बंद करायला सांगा, नाहीतर स्केल बिघडतं, आणि दुकानातून निघायच्या आधी शीटवरची स्केलपट्टी फुटपट्टीने मोजा, एका किलोमीटरला बरोबर दोन सेंटिमीटर भरले पाहिजेत.