क्लोन केलेली व्हर्च्युअल मशीनं नेटवर्कवर एकाच नावाने दिसतात, नाव बदलूनही फरक पडत नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम) उबंटू सर्व्हरचं एक व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, नीट बसवलं, त्याचे दोन क्लोन काढले आणि मग तिघांनाही ब्रिज्ड अडॅप्टर (व्हीएमला थेट घरच्या नेटवर्कवर आणणारी जोडणी) दिला. आता राउटरच्या यादीत एकच नाव दिसतं, आणि एसएसएच (दुरून लॉगिन) केलं की कधी या मशीनवर तर कधी त्या मशीनवर जाऊन पडता. आत शिरून होस्टनेम बदललं, तरी तेच.

तरी तेच, कारण भांडण नुसतं नावाचं नाहीये. मशीनची ओळख एका जागी नसते. होस्टनेम ही दारावरची पाटी. नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस वेगळा, मशीन-आयडी वेगळा, एसएसएचच्या होस्ट की, म्हणजे मशीनने आपली ओळख पटवायच्या किल्ल्या, आणखी वेगळ्या. क्लोन काढताना डिस्क जशीच्या तशी उतरते, म्हणजे मॅक सोडून हे सगळं उतरतं, आणि मॅक उतरतो की नाही ते क्लोनच्या सेटिंगवर ठरतं. तुम्ही पाटी बदललीत, आतलं रेशनकार्ड तेच राहिलं.

आधी मॅक बघा, कारण तुम्ही सांगितलेल्या क्रमातच गोम आहे. व्हर्च्युअलबॉक्स नव्या व्हीएमला मुळात नॅट अडॅप्टर देतो, म्हणजे ते तुमच्या खऱ्या संगणकाच्या आडून नेटवर्कवर जातं. क्लोनच्या खिडकीत मॅक अ‍ॅड्रेसचं धोरण विचारणारा एक पर्याय असतो, आणि आपण काही न बदलता पुढे गेलो तर तिथे ‘फक्त नॅट अडॅप्टरचे मॅक तसेच ठेवा’ हे निवडलेलं असतं. त्यात चूक काही नाही. नॅटमागे प्रत्येक व्हीएम आपापल्या बंद खोलीत असतं, सगळ्यांना १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो आणि कुणाचं कुणाशी वाजत नाही. (हा सारखा पत्ता बघून घाबरून प्रश्न विचारणारे इथे दर महिन्याला भेटतात. तो गोंधळ नाही, ती नॅटची रीतच आहे.) पण तुम्ही नॅटवर असताना क्लोन केलात आणि नंतर ब्रिज्ड केलंत. म्हणजे बंद खोलीत चालून गेलेला सारखा मॅक आता घरच्या नेटवर्कवर उघडा पडला. राउटरच्या दृष्टीने तिन्ही मशीनं म्हणजे एकच कार्ड. मग एकच आयपी, एकच नाव.

तपासायला तिन्ही मशीनवर ‘आयपी लिंक’ ही कमांड चालवा. (कमांड मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थात रोमन अक्षरांत टाका.) ०८:००:२७ ने सुरू होणारा पत्ता दिसेल. ही पहिली तीन जोडकं व्हर्च्युअलबॉक्सच्या सगळ्याच व्हीएमना सारखी असतात, तेव्हा नजर शेवटच्या तीनवर ठेवा. तीही जुळली तर चोर सापडला. क्लोन पूर्ण बंद करा. ‘सेव्ह स्टेट’ करून भागत नाही, खरोखर शटडाउन लागतं. मग सेटिंगमध्ये नेटवर्क, त्याखाली प्रगत पर्याय, आणि तिथे मॅकच्या चौकटीशेजारी गोल बाणाचं बटण. दाबलं की नवा मॅक. दोन्ही क्लोनना करा, मूळ मशीन राहू द्या. पुढच्या वेळी क्लोन करतानाच ‘सगळ्या अडॅप्टरना नवे मॅक’ निवडा.

मॅक वेगळे झाल्यावर बहुतेक जण इथे थांबतात, आणि त्यातल्या अर्ध्यांना पुन्हा तोच आयपी मिळतो. उबंटू १८.०४ आणि त्यानंतरच्या सर्व्हरवर नेटवर्कचं काम नेटप्लॅनमार्फत (नेटवर्कच्या सेटिंगची फाइल वाचणारा प्रोग्राम) सिस्टमडी-नेटवर्कडी ही सेवा बघते. ती डीएचसीपीकडे (आयपी पत्ते वाटणारी यंत्रणा, घरी बहुतेकदा राउटरमध्येच असते) पत्ता मागताना ‘मी कोण’ हे मॅकवरून सांगत नाही. मशीन-आयडीवरून एक ओळख तयार करते आणि ती पुढे करते. हा मशीन-आयडी म्हणजे ईटीसी डिरेक्टरीतल्या मशीन-आयडी नावाच्या फाइलमधली ३२ अक्षरांची ओळ, आणि क्लोनमध्ये ती हुबेहूब तीच असते. जो डीएचसीपी सर्व्हर ही ओळख मानतो, तो म्हणतो, ‘अरे, हा तर आपला जुनाच गडी, नवं कार्ड घालून आलाय,’ आणि जुना आयपी हातात ठेवतो. जो फक्त मॅक बघतो, त्याच्याकडे काहीच बिघडत नाही. घरी चाललं आणि ऑफिसात नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

तुम्ही ‘कधी या, कधी त्या’ मशीनवर पोहोचता तेही यामुळेच. दोन मशीनं एकाच आयपीवर बसली की तुमचा लॅपटॉप ‘हा आयपी कुणाचा?’ असं ओरडून विचारतो, ज्याचं उत्तर त्याच्याकडे नोंदलं जातं त्याच्याकडे पाकिटं जातात, आणि ती नोंद थोड्या वेळाने शिळी होऊन पुन्हा विचारणा होते.

उपाय सोपा आहे. ती फाइल पुसून टाकू नका, फक्त रिकामी करा: ‘सुडो ट्रंकेट’ला आकार शून्य द्या आणि रीबूट करा. रिकामी फाइल दिसली की सिस्टमडी चालू होताना नवा आयडी तयार करतो. आधी स्नॅपशॉट (व्हीएमची आत्ताची अवस्था जपून ठेवणारी प्रत) घ्यायला विसरू नका. आयडीला हात लावायचा नसेल तर नेटप्लॅनच्या फाइलमध्ये त्या कार्डाखाली ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर’ला ‘मॅक’ अशी किंमत द्या आणि ‘नेटप्लॅन अप्लाय’ करा. मी स्वतः पहिला मार्ग धरतो, कारण मशीन-आयडी इतर प्रोग्रामही ओळख म्हणून वापरतात.

नेटप्लॅनची फाइल उघडलीच आहे तर त्यात ‘मॅच’खाली जुना मॅक लिहून ठेवलेला नाही ना, तेही बघा. असेल तर मॅक बदलल्यावर त्या व्हीएमला नेटवर्कच मिळणार नाही आणि तुम्ही मला शिव्या घालाल.

आता नाव. ‘होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम’ने बदललंत ते बरोबरच, पण ईटीसीतल्या होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.१.१ च्या पुढे जुनं नाव तसंच असतं. तेही बदला, नाहीतर प्रत्येक सुडोला ‘होस्ट सापडत नाही’ अशी कुरकुर ऐकावी लागते. रीबूटनंतर नाव आपोआप मूळपदावर आलं तर क्लाउड-इनिटचं (चालू होताना मशीनची सुरुवातीची सेटिंग लावणारा प्रोग्राम) काम समजा. त्याच्या क्लाउड.सीएफजी फाइलमध्ये ‘प्रिझर्व्ह होस्टनेम’ला ‘ट्रू’ करा. राउटरची यादी मात्र लगेच सुधारत नाही. मशीन डीएचसीपीकडे जाताना आपलं नाव सांगतं तेव्हाच तिथे बदलतं, म्हणून एक रीबूट द्या आणि मगच यादीवर विश्वास ठेवा. मशीनवर अवाही (घरच्या नेटवर्कवर ‘.लोकल’ने संपणारी नावं जाहीर करणारा प्रोग्राम) चालू असेल तर नाव भिडल्यावर तो स्वतःच मागे ‘-२’ चिकटवतो. ‘.लोकल’ नावांच्या यादीत असं शेपूट दिसलं की कुठेतरी जुळं फिरतंय.

विंडोजची व्हीएम असतील तर वेगळीच गंमत. तिथलं नेटबायॉस नाव (विंडोजचं नेटवर्कवरचं जुन्या पद्धतीचं नाव) १५ अक्षरांपर्यंतच चालतं, सोळावी जागा सेवेच्या प्रकारासाठी राखीव. आपल्याला नावाच्या शेवटी ०१, ०२ लावायची सवय. नाव लांबलचक असेल तर नेमके तेच आकडे छाटले जातात आणि दोन वेगळी नावं नेटवर्कवर एक होतात. आकडा पुढे घ्या किंवा नाव आखूड करा. आणि विंडोजचा क्लोन काढण्याआधी सिसप्रेप (विंडोजची जुनी ओळख पुसणारं साधन) ‘जनरलाइझ’सकट चालवा, नुसतं नाव बदलत बसू नका. व्हीएमवेअरवाल्यांना उचललेलं मशीन पहिल्यांदा सुरू करताना ‘हलवलं की कॉपी केलं?’ असं विचारलं जातं. तिथे खरं सांगा. ‘कॉपी’ म्हटलं तरच नवा मॅक मिळतो.

राहिल्या एसएसएचच्या होस्ट की. याबाबतीत मी हात पोळून घेतलेत. काही वर्षांपूर्वी एका कामासाठी असेच दोन क्लोन ठेवले होते, एकावर चाचणीचा डेटाबेस, दुसऱ्यावर आठवडाभर खपून भरलेला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला चाचणीचा डेटाबेस उडवून पुन्हा भरायचा होता. लॉगिन केलं: युजर तोच, पासवर्ड तोच, प्रॉम्प्टही अक्षरशः तोच, कारण नाव बदलायचा आळस. कमांड दिली. पुढचा आठवडा काय करत होतो ते सांगत नाही. आयपीवर दुसरंच मशीन आलं तर एसएसएच केवढा तरी मोठा इशारा देतं, हे आपल्याला माहीत असतं. पण माझ्याकडे तो आलाच नाही. दोन्हीकडे होस्ट की त्याच होत्या, मग एसएसएचला संशय येणार कुठून? तुम्हालाही आजवर तो इशारा आला नसेल, कारण हेच.

म्हणून प्रत्येक क्लोनवर ईटीसीतल्या एसएसएच डिरेक्टरीतून ‘एसएसएच_होस्ट_’ने सुरू होणाऱ्या फाइली काढा आणि ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ओपनएसएसएच-सर्व्हर’ चालवा. नव्या की तयार होतील. हे काम व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतून करा, एसएसएचवरून नको, मधेच दार लागलं तर बाहेर राहाल.

नेहमी क्लोन काढणार असाल तर मूळ मशीनच ओळख पुसून ठेवा: मशीन-आयडी रिकामा, होस्ट की काढलेल्या, आणि लगेच शटडाउन. चुकून एकदा जरी चालू केलं तरी आयडी पुन्हा भरतो आणि सगळं मुसळ केरात.

हे सगळं झाल्यावर आधी वापरलेल्याच आयपीवर आलेल्या क्लोनवर पहिल्यांदा एसएसएच कराल तेव्हा ‘समोरच्या मशीनची ओळख बदलली आहे’ असा मोठ्या अक्षरांतला इशारा येईल. या वेळी तो यायलाच हवा. ‘एसएसएच-कीजेन’ला मोठा आर लावून पुढे तो आयपी द्या, जुनी नोंद जाईल, आणि पुन्हा जोडताना होस्ट कीची जी खूण (फिंगरप्रिंट) दिसेल ती तिन्ही मशीनवर वेगवेगळी आहे ना, तेवढं बघून घ्या.