गेम बनवायच्या पहिल्या असाइनमेंटला कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्तीचा थ्रीडी गेम करू का?

भावा, कुस्तीच कर, पण थ्रीडी मैदान नि प्रेक्षक आत्ता नकोत. दोन चौकोन, तांबडा आखाडा, एकच डाव. १९७२ चा 'पाँग' हा व्हिडिओ गेमसुद्धा अटारी या गेम कंपनीत अभियंता अॅलन अल्कॉर्न यांना सरावासाठी दिलेलं काम होतं: दोन फळ्या, एक चेंडू.

खरी गंमत वेळेत आहे. एकानं ढाक (कुस्तीतला एक डाव) टाकली की समोरच्याला ती तोडायला किती वेळ मिळावा? अर्धा सेकंद ठेवून बघ. मित्रांना खेळायला दे आणि ते खेळताना काहीही समजावून सांगू नकोस. कुठं अडतात तेवढं लिहून घे.

कोडमध्ये पैलवानाच्या वेगाला डेल्टा टाइमनं, म्हणजे दोन फ्रेममध्ये गेलेल्या वेळेनं, गुणाकार कर. नाहीतर लॅपटॉपवर शहाण्यासारखा चालणारा पैलवान लॅबच्या पीसीवर सुसाट पळेल. गिटवर, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, रोज कमिट कर, म्हणजे त्या दिवसाचे बदल नोंदव.