आधी कोणती गोळी सोडायची?

वाचकांचे प्रश्न : शस्त्रक्रियेनंतरची वेदनाशामके

प्रश्न : माझे वय ६४ आहे. पाच आठवड्यांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याचे सांधारोपण झाले. घरी सोडताना ट्रॅमाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी एकत्रित गोळी दिवसातून चार वेळा लिहून दिली होती, ती मी न चुकता घेत आले. मागच्या आठवड्यात गोळ्या संपल्या. दुखणे बऱ्यापैकी आटोक्यात होते, म्हणून पुन्हा आणल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून एकामागून एक जांभया येऊ लागल्या, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले, अंगावर काटा येऊन घाम सुटायचा आणि रात्रभर पाय एका जागी ठेवता येईनात. पोटही बिघडले. सर्दी-तापाची सुरुवात असेल असे समजून कोणाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुलाने गोळ्या आणल्या आणि पहिली गोळी घेतल्यावर तासाभरात सगळे थांबले. त्याचीच आता धास्ती वाटते. मला या गोळीचे व्यसन लागले आहे का? शेजारच्या बाईंनी त्याऐवजी डायक्लोफिनॅक सुचवले आहे, कारण त्याची सवय लागत नाही. मला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे एक औषध चालू आहे.

उत्तर : आपल्या पत्रावरून तरी आपल्याला व्यसन लागलेले दिसत नाही, शरीराला गोळीची सवय झाली आहे. ट्रॅमाडॉल हे अफूच्या वर्गातले औषध आहे आणि ते काही आठवडे रोज ठरावीक वेळी मिळत राहिले की मज्जासंस्था त्याला धरूनच आपला कारभार बसवते. मग ते एकाएकी काढून घेतले, की गोळीने जे जे दाबून धरलेले असते ते उसळून वर येते : मंदावलेले आतडे धावू लागते, कोरडे पडलेले नाक वाहू लागते, गुंगीची जागा अस्वस्थपणा घेतो. ट्रॅमाडॉल मेंदूतील सेरोटोनिन व नॉरॲड्रिनॅलिन या रसायनांवरही काम करते, त्यामुळे काहींना त्यात धडधड, भीतीचे झटके किंवा हातापायांना मुंग्या यांचीही भर पडते. असे कोणाचेही होऊ शकते आणि त्यात शरमेचे काही नाही. व्यसनाची लक्षणे निराळी असतात : दुखत नसतानाही गोळीची ओढ लागणे, नुकसान दिसत असूनही हात न थांबणे, घरच्यांपासून लपवणे, एकाच गोळीसाठी दोन-तीन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या मिळवणे. आपण तर गोळ्या संपल्यावर त्या आणायचेच टाळले होते. चूक झाली ती एकदम सोडण्याची, आणि तीही आपल्याला कोणी आधी सांगून ठेवले नाही म्हणून झाली असावी. घरी सोडताना दिलेल्या कागदावर गोळी कधी सुरू करायची ते ठळक लिहिलेले असते, कशी बंद करायची ते बहुधा नसते.

आता सोडण्याविषयी. पुढे लिहिले आहे ते आपल्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या संमतीनेच सुरू करा. सलग तीन-चार दिवसच घेतलेली अशी गोळी बहुतेकांना सहज थांबवता येते. आठवडाभर ते महिनाभर रोज घेतली असेल, तर दर दोन दिवसांनी दिवसभराच्या मात्रेचा साधारण पाचवा भाग कमी करण्याची पद्धत आहे. आपला महिना उलटून गेला आहे आणि एकदा त्रासही झाला आहे, म्हणून मी आपल्यासाठी आठवड्याला एक गोळी, एवढाच वेग सुचवीन. प्रथम दुपारची सोडा, नंतर संध्याकाळची, मग सकाळची. रात्रीची शेवटी ठेवा, कारण बदललेला गुडघा रात्रीच जास्त ठणकतो आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी साधी वेदनाही मोठी वाटते.

यात एक खोच आहे, आणि बहुतेकांचा बेत तिथेच फसतो. आपली गोळी दोन औषधांची आहे. एक गोळी कमी केली की ट्रॅमाडॉलबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही निघून जाते, गुडघा कुरकुरतो आणि माणूस म्हणतो, 'बघा, मला ही गोळी लागतेच.' म्हणून जी गोळी सोडाल तिच्या जागी त्याच वेळेला ५०० मिलिग्रॅमची साधी पॅरासिटामॉल घ्या. ट्रॅमाडॉल आधी जाईल, पॅरासिटामॉल सर्वांत शेवटी. दिवसभरातल्या पॅरासिटामॉलची बेरीज मात्र करत राहा, कारण ते सर्दीच्या गोळ्यांतही लपलेले असते. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा नियमित मद्यपान असेल तर ती आणखी खाली येते.

दुसरी गोष्ट गणिताची आहे. चारांतली एक गोळी सोडणे म्हणजे पाव भाग सोडणे, दोनांतली एक सोडणे म्हणजे अर्धा भाग सोडणे, आणि उरलेली शेवटची सोडताना तर सगळेच सुटते. पायऱ्या दिसायला सारख्या असल्या तरी खालच्या पायऱ्या उंच आहेत. म्हणून शेवटच्या दोन गोळ्यांना घाई करू नका. रात्रीची गोळी पूर्ण बंद करण्यापूर्वी काही दिवस अर्धी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. एखाद्या पायरीवर जांभया आणि पायांची तगमग पुन्हा सुरू झाली, तर आणखी खाली न उतरता तिथेच चार-पाच दिवस थांबा. हा त्रास आणि गुडघ्याचे दुखणे यांतला फरक ओळखायला सोपा आहे : गुडघ्याचे दुखणे गुडघ्यात असते, गोळी सुटल्याचा त्रास अंगभर असतो.

वेदनेला दहापैकी किती गुण द्याल, हा प्रश्न मला या टप्प्यावर फारसा उपयोगाचा वाटत नाही. त्यापेक्षा वहीत रोज असे लिहा : किती वाजता कोणती गोळी घेतली, त्यानंतर गुडघा किती वाकला, काठीशिवाय स्वच्छतागृहापर्यंत गेले का, रात्री किती वेळा जाग आली. गोळी कमी होऊनही या नोंदी बिघडत नसतील, तर बेत बरोबर चालला आहे. व्यायामाच्या आधी पाऊण तास गोळीची वेळ येईल असे जुळवा, म्हणजे आहे तेवढ्या औषधाचा पुरता उपयोग होईल. मात्र बरे होत आलेले दुखणे पुन्हा वाढले, जखम लाल व गरम झाली, तिच्यातून पाणी किंवा पू येऊ लागला, ताप आला, पोटरी सुजून दुखू लागली, तर गोळी वाढवून ते झाकू नका, त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर थेट रुग्णालय गाठा.

डायक्लोफिनॅकबद्दल शेजारीणबाईंचे अर्धे खरे आहे. त्याची तशी सवय लागत नाही. पण टेल्मिसार्टनसारखे औषध, लघवी वाढवणारे औषध आणि त्यावर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, हे त्रिकूट मूत्रपिंडाला जड जाते. रक्तदाब वाढतो आणि जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका असतो तो वेगळाच. ते स्वतःच्या मनाने घेऊ नका.

प्रश्न : माझ्या पतींच्या पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया होऊन नऊ दिवस झाले. त्यांना ट्रॅमाडॉलची १०० मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळी दोन वेळा आणि रात्री प्रीगॅबॅलिन (नसांच्या दुखण्याचे औषध) दिले आहे. झोपेसाठी ते कित्येक वर्षे अल्प्राझोलाम घेतात, ते कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. त्यांचे घोरणे वाढले आहे, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो आणि काल दुपारी तीन-चार हाकांनंतर त्यांनी डोळे उघडले. मी ट्रॅमाडॉलची गोळी मोडून अर्धी द्यावी का?

उत्तर : आपले पत्र हाती आल्याबरोबर आपल्याला दूरध्वनीवरून कळवले होते, इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून ते इथे छापत आहे. गोळी मोडू नका, कुटू नका, चावूही देऊ नका. सावकाश विरघळणाऱ्या गोळीत बारा तासांचे औषध साठवलेले असते. ती फोडली की ते एकदम रक्तात उतरते, म्हणजे मात्रा कमी करायला गेलो आणि वाढवून बसलो असे होते. कमी करायची असेल तर डॉक्टर कमी ताकदीची गोळी लिहून देतात.

खरी काळजी तीन गोळ्यांच्या संगतीची आहे. ट्रॅमाडॉल, प्रीगॅबॅलिन आणि अल्प्राझोलाम या तिन्हींनी गुंगी येते, आणि एकत्र आल्यावर ती श्वासावरही उतरते. मद्य म्हणजे त्यात चौथे. आधीपासून घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला हा धोका अधिक. हाका मारूनही जाग येत नाही, श्वास फार सावकाश चालतो किंवा घशातून घरघर येते, ओठ निळसर दिसतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत त्यांना कुशीवर वळवून ठेवा. अफूवर्गीय औषधाचा परिणाम उतरवणारे नॅलोक्सोन नावाचे औषध आहे, पण ते वेळेत मिळायला हवे.

घाबरून अल्प्राझोलाम एकदम बंद करू नका. वर्षानुवर्षे घेतलेली ती गोळी अचानक थांबवल्यास फिटचे झटके येऊ शकतात, आणि ट्रॅमाडॉलनेही झटक्यांचा धोका वाढतो. कोणती गोळी आधी कमी करायची हे डॉक्टरांनी तिन्ही गोळ्या समोर ठेवून ठरवायचे आहे, तेव्हा चिठ्ठी नव्हे, घरातल्या गोळ्यांचा डबाच घेऊन जा. नैराश्याचे औषध चालू असेल तर तेही दाखवा, कारण त्यांतल्या काहींचे ट्रॅमाडॉलशी जमत नाही.

प्रश्न : पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस मॉर्फीनच्या गोळ्या चालू आहेत. वेदना थांबल्या, पण सहा दिवस शौचाला झालेले नाही. कोंडा आणि भाजीपाला वाढवून पाहिला.

उत्तर : मॉर्फीनने येणारी मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरतात, बद्धकोष्ठता मात्र गोळी चालू असेपर्यंत सोबत राहते, कारण आतड्याला या औषधाची सवय जवळजवळ होतच नाही. हालचाल मंदावलेल्या आतड्यात नुसता कोंडा वाढवल्याने कधी कधी उलट अडथळाच होतो. आतड्याला चालना देणारे सोनामुखी किंवा बिसाकोडिलसारखे औषध अशा गोळीबरोबर पहिल्या दिवसापासून द्यायचे असते. सहा दिवस फार झाले, आणि आपली शस्त्रक्रिया पोटाची आहे, म्हणून स्वतः रेचक न घेता आजच डॉक्टरांना भेटा. पोट फुगले असेल, उलट्या होत असतील किंवा वायूही सरत नसेल तर ताबडतोब.

प्रश्न : गोळ्या बंद झाल्या, पण अकरा उरल्या आहेत. पुढे कधी दात किंवा कंबर दुखली तर ठेवाव्यात का?

उत्तर : ठेवू नका. सवय मोडलेल्या शरीराला जुनी मात्रा जड जाते, आणि घरातल्या लहान मुलाला तर एक गोळीही पुरेशी घातक ठरू शकते. औषधाचे दुकान किंवा रुग्णालय परत घेत असेल तर तिथे द्या. ती सोय नसेल तर गोळ्या वेष्टनातून काढून वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत कालवा, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका आणि डबीवरचे आपले नाव खोडा. अंगावर लावायचा वेदनाशामक चिकटपट्टा वापरला असेल तर तो चिकट बाजू आत घेऊन दुमडा. वापरून झालेल्या पट्ट्यातही बरेच औषध शिल्लक असते.