सुई रुग्णालयात टोचली, मग जबाबदारी कंत्राटदाराची कशी?

प्रश्न : मी एका खासगी रुग्णालयात कंत्राटदारामार्फत वॉर्डात मावशीचं काम करते. बारा दिवसांपूर्वी कचऱ्याची काळी पिशवी उचलताना आतली सुई हातमोज्यातून अंगठ्यात घुसली. रुग्णालयाने नोंद केली नाही. ‘तुमच्या कंत्राटदाराला सांगा’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः सिव्हिलमध्ये जाऊन चाचणी केली, गोळ्या सुरू केल्या. आता सुपरवायझर म्हणतो, एचआयव्हीचा निगेटिव्ह रिपोर्ट आण, मगच कामावर ये. मी काय करू?

उत्तर : ताई, आधी एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या या गोळ्यांचं. २८ दिवसांचा कोर्स एकही दिवस चुकवू नका. ७२ तासांच्या आत सुरू केल्यात, फार चांगलं केलंत. खरं तर त्या शक्यतो पहिल्या दोन तासांत मिळायला हव्यात, आणि तुमच्या हातात त्या ठेवणं रुग्णालयाचं काम होतं.

एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ च्या कलम १९ मध्ये हे स्पष्ट आहे. आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेने तिथे काम करणाऱ्या, लागणीचा धोका असलेल्या प्रत्येकाला संरक्षणाची साधनं, ती वापरायचं शिक्षण आणि अशा अपघातानंतरचा औषधोपचार द्यायचा आहे. पगार कोण देतो हे कायदा विचारत नाही. तुम्ही त्यांच्या वॉर्डात, त्यांचीच पिशवी उचलत होतात.

आणि ती पिशवी काळी होती, हे विसरू नका. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे सुईची जागा पांढऱ्या, टोचून न फाटणाऱ्या डब्यात. काळ्या पिशवीत सुई आली म्हणजे चूक वर्गीकरण करणाऱ्याची, तुमची नव्हे. याच नियमांनुसार रुग्णालयाने कर्मचाऱ्यांना हेपटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसी द्यायच्या असतात. तुम्हाला दिल्या होत्या का? नसतील तर अर्जात तेही लिहा, आणि हेपटायटिसचं सिव्हिलच्या डॉक्टरांना लगेच विचारा.

सुपरवायझरची अट मात्र सरळ बेकायदा आहे. नोकरी टिकवण्यासाठी एचआयव्ही चाचणीची सक्ती करणं एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम ३ खाली भेदभाव ठरतं. रिपोर्ट त्याला दाखवू नका. तो तोंडी बोलला असेल तर ‘तुम्ही आज मला असं सांगितलंत’ असा साधा मेसेज त्याला पाठवून ठेवा.

आता अर्ज. तारीख, वेळ, वॉर्ड, पिशवीचा रंग, तिथे कोण होतं, कोणाला सांगितलं, सगळं लिहा. एक प्रत रुग्णालयाला, एक कंत्राटदाराला. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. वीस किंवा जास्त माणसं काम करतात अशा आरोग्यसंस्थेत या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. अर्ज त्याच्या नावे करा. कचऱ्याची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वेगळी करा.

सिव्हिलचा पहिल्या चाचणीचा कागद जपून ठेवा, त्याची झेरॉक्स घरी वेगळी ठेवा. पुढे दुर्दैवाने लागण निघाली, तर ‘आजार आधीचाच होता’ हा समोरच्याचा पहिला बचाव असतो. पहिली चाचणी निगेटिव्ह असेल तर या कागदाने तो तिथेच तुटतो. रुग्णालयातल्या कामातून जडलेला संसर्ग भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार मानला जातो. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत असतील तर तिथेही अपघात कळवा. दीड, तीन आणि सहा महिन्यांच्या चाचण्या चुकवू नका.

कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही करू नका. वकिलाच्या पैशांची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज मात्र आजच लिहा.