ब्रेक पॅड स्वस्तातले घेऊ का ओरिजिनल?

प्रश्न : माझी वॅगनआर ९ वर्षं जुनी आहे, पुढचे ब्रेक पॅड सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीच बदलणार आहे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एकाच पॅडचे तीन-तीन भाव सांगतात, काय बघून घ्यायचे? – एक वाचक, भांडुप

उत्तर : दादा, भाव नंतर, आधी गाडीच्या चासी नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि तोच मागा, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे पॅड बदलतात. मारुतीचे जेन्युइन किंवा बॉश, ब्रेम्बोसारख्या कंपनीचे घ्या, पण पक्क्या बिलावर, कारण डुप्लिकेट खोके हुबेहूब छापतात. खोकं उघडून बघा, पॅडच्या कडा तुटलेल्या, मागच्या लोखंडी पत्र्यापासून मटेरियल सुटलेलं, नाहीतर बॅच नंबरच नाही, असं दिसलं तर सरळ परत करा. ब्रेकमध्ये दोनशे-चारशे रुपये वाचवू नका हो, घाटात उतरताना तेच पॅड तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला. डिस्कची, म्हणजे पॅड ज्या लोखंडी चकतीला दाबून धरतात तिची, जाडीही मोजा, कमीत कमी किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. ब्रेक ऑइल सीलबंद बाटलीतलंच घ्या, ते हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर विचारूच नका. आणि हो, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम करू नका, खाली स्टँड लावाच. सगळं बसवून झालं की गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, पहिल्यांदा ते पार खाली जातं.