बारोलोपर्यंत जीभ शाबूत ठेवा
इटलीतल्या पिडमाँटच्या लांगे टेकड्यांवर एखाद्या कौटुंबिक वायनरीत वाइन चाखायला बसणार असाल, तर क्रम मोडू नका: आधी पांढरी आर्नेइस, मग लाल वाइन, म्हणजे दोल्चेत्तो, बार्बेरा, लांगे नेब्बिओलो आणि त्यानंतर बारोलो. बारोलो आधी घेतलीत तर तिच्या तुरटपणाने जीभ कोरडी पडते आणि मागून आलेली दोल्चेत्तो पाणचट लागते. दोष तिचा नसतो.

बारोलोचा फिका, विटकरी रंग पाहून ती हलकी समजू नका. नेब्बिओलो द्राक्षाचा रंगच तसा, टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, मात्र जबरदस्त. नियमाप्रमाणे ती किमान 38 महिने मुरवतात, त्यातले 18 लाकडी पिंपात. ग्लासात 30-40 मिली पुरे. वास घ्या, दहा मिनिटं थांबा, पुन्हा घ्या; गुलाब आणि डांबराचा गंध सावकाश उलगडतो. तापमान 16 ते 18 अंश हवं, त्याहून गरम झाली की नुसतं अल्कोहोल नाकात शिरतं.

चाखलेली वाइन थुंकायला अजिबात लाजू नका, भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं. मधे पाणी आणि ग्रिसिनी (पावाच्या कुरकुरीत काड्या) घ्या. चीज नको, ते तुरटपणा झाकतं. गोड मोस्कातो द'आस्ती अगदी शेवटी.