व्लादिमीर शतालोव यांच्या तीनपैकी दोन डॉकिंग मोहिमा फसल्या, तरी त्यांना यशस्वी अंतराळवीर का मानतात?

तुमचा प्रश्न रास्त आहे. सोव्हिएत अंतराळवीर शतालोव तीनदा अंतराळात गेले, तिन्ही वेळा दुसऱ्या यानाला किंवा स्थानकाला जोडणी करायला गेले आणि जोडणी पूर्ण झाली ती एकदाच. नुसता हिशेब मांडला तर तो वाईटच दिसतो. पण मी अभियांत्रिकीच्या मुलांना कंट्रोल सिस्टिम्स शिकवतो आणि डॉकिंगचा, म्हणजे अंतराळात दोन यानं जोडण्याचा विषय निघाला की याच माणसाच्या तीन मोहिमा सांगतो. यानाकडून पुरेशी माहिती मिळाली तर वैमानिक काय करू शकतो, माहितीच मिळाली नाही तर काय होतं आणि वैमानिकाने सगळं बरोबर करूनही यंत्र कसं मोडतं, हे तिन्ही प्रकार त्यांच्या वाट्याला आले. माझं उत्तर ‘हो, यशस्वीच’ असं आहे. का, ते जरा सविस्तर सांगतो.

शतालोव यांचा जन्म 8 डिसेंबर 1927 चा, कझाकस्तानातल्या पेत्रोपाव्लोव्स्कचा. बालपण गेलं लेनिनग्राडमध्ये. 1949 मध्ये काचा नावाच्या लष्करी वैमानिक शाळेतून ते बाहेर पडले, 1956 मध्ये वायुदलाची अकादमी पूर्ण केली आणि जानेवारी 1963 मध्ये अंतराळवीरांच्या दुसऱ्या तुकडीत निवडले गेले. म्हणजे गागारिन यांच्या पहिल्या तुकडीतले ते नव्हेत. वयाने आणि उड्डाणाच्या अनुभवाने मुरलेले, आधी वैमानिक आणि मग अंतराळवीर झालेले गृहस्थ.

त्या काळात डॉकिंगला एवढं महत्त्व होतं ते चंद्रामुळे. सोव्हिएत योजनेत चंद्राभोवती फिरणारं यान आणि चंद्रावर उतरणारं यान यांच्यामध्ये आतून जायचा बोगदाच नव्हता. अंतराळवीराने पोशाख घालून बाहेरून एका यानातून दुसऱ्यात जायचं, असा बेत होता. त्यामुळे सोयूझ नावाची दोन सोव्हिएत मानवी यानं पृथ्वीच्या कक्षेत जोडून माणसं बाहेरून पलीकडे नेऊन दाखवणं ही त्या वाटेवरची आवश्यक पायरी होती.

अमेरिकेने जेमिनी-8 या यानातून मार्च 1966 मध्ये पहिली जोडणी केली होती. सोव्हिएतांनी ऑक्टोबर 1967 मध्ये कोसमोस-186 आणि 188 ही मानवरहित यानं आपोआप जोडून दाखवली. पण माणसं घेऊन केलेला त्यांचा प्रत्येक प्रयत्न फसत होता. एप्रिल 1967 मध्ये सोयूझ-1 मधले कोमारोव पॅराशूट न उघडल्याने मृत्युमुखी पडले आणि त्यांच्या यानाला जोडण्यासाठी निघणार असलेलं दुसरं यान रद्द झालं. ऑक्टोबर 1968 मध्ये सोयूझ-3 मधून बेरेगोवोय मानवरहित सोयूझ-2 जवळ पोहोचले, पण कक्षेच्या अंधाऱ्या भागात. समोरच्या यानाच्या तुलनेत आपलं यान उलटं आहे हे वेळेत लक्षात आलं नाही आणि बरंच इंधन खर्चून जोडणी राहिली ती राहिलीच. बेरेगोवोय हे दुसऱ्या महायुद्धातले नामवंत वैमानिक, तेव्हा हाताच्या कौशल्याची उणीव तिथे नव्हती. त्यांचे राखीव वैमानिक कोण होते? शतालोव. आपण जिथे असू शकलो असतो तिथे दुसऱ्याचं काय चुकलं, हे त्यांनी अगदी जवळून पाहिलं.

इथे कक्षेतल्या पाठलागाबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन लोकल शेजारच्या रुळांवरून सारख्याच वेगाने धावत असतील, तर दारातल्या माणसाला पलीकडच्या गाडीतला माणूस जागच्या जागी उभा दिसतो. तसं कक्षेत दोन्ही यानं सेकंदाला सुमारे 7.8 किलोमीटर वेगाने जात असली तरी एकमेकांच्या दृष्टीने ती जवळजवळ स्थिर असतात. इथवर सोपं आहे. अवघड भाग असा की कक्षेत पुढच्याला गाठायला नुसता वेग वाढवला तर तुमची कक्षा उंचावते, एक फेरी पूर्ण व्हायला जास्त वेळ लागतो आणि तुम्ही उलट मागे पडता. विमान चालवून अंगवळणी पडलेलं सगळं इथे दगा देतं. अंतर अगदी थोडं उरलं की मगच साधी बुद्धी चालते. म्हणून नेमकं किती अंतर उरलंय आणि ते कोणत्या वेगाने कमी होतंय, हे दोन आकडे वैमानिकाला सतत लागतात. सोयूझमध्ये ते आकडे ‘इग्ला’ नावाची रेडिओ यंत्रणा देत असे.

आता पहिली मोहीम. सोयूझ-4 चं उड्डाण 13 जानेवारी 1969 ला ठरलं होतं. शतालोव हे तेरावे सोव्हिएत अंतराळवीर. यानात बसल्यावर बिघाड दिसला, उड्डाण रद्द झालं आणि त्यांना खाली उतरावं लागलं. दुसऱ्या दिवशी, 14 तारखेला, बैकानूरहून ते एकटे निघाले. 15 तारखेला सोयूझ-5 मधून वोलिनोव, येलिसेयेव आणि ख्रुनोव वर गेले. 16 जानेवारीला इग्लाने दोन्ही यानं सुमारे 100 मीटरवर आणली, तिथून शतालोव यांनी सूत्रं हातात घेतली आणि सोव्हिएत भूमीच्या वरून जाताना, भर उजेडात, आपल्या यानाचा दांडा समोरच्या यानाच्या खोलगट शंकूत बसवला. मानव असलेल्या दोन यानांची जगातली ही पहिली जोडणी. जेमिनीने ज्याला गाठलं होतं ते अजेना यान मानवरहित होतं.

मग ख्रुनोव आणि त्यांच्यामागून येलिसेयेव बाहेर पडले आणि सोयूझ-4 मध्ये आले. येताना त्यांनी शतालोव यांच्यासाठी पत्रं आणि त्यांच्याच उड्डाणाची बातमी छापलेली वर्तमानपत्रं आणली होती. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण शतालोव वर गेले तेव्हा ते वर्तमानपत्र छापलंच गेलं नव्हतं. दोन्ही यानं साडेचार तासांच्या आसपास जोडलेली राहिली. 17 तारखेला शतालोव त्या दोघांना घेऊन उतरले. एकटा गेलेला माणूस तिघे होऊन परतला, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

वोलिनोव मात्र सोयूझ-5 मध्ये एकटे उरले. 18 तारखेला परतताना त्यांच्या यानाचा मागचा यंत्रकक्ष, जो उतरण्याआधी वेगळा व्हायला हवा, वेळेवर सुटलाच नाही. यान उलट्या बाजूने, म्हणजे उष्णतारोधक ढाल मागे ठेवून, वातावरणात शिरलं. सुदैवाने तो भाग शेवटी तुटला आणि यान वळलं. जमिनीवर आदळताना वोलिनोव यांचे दात तुटले, पण ते वाचले. या गोष्टीची वाच्यता सोव्हिएत काळात जवळजवळ झालीच नाही. सत्काराच्या दिवशीही, 22 जानेवारीला, क्रेमलिनच्या दाराशी एका सैनिकाने अंतराळवीरांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या आणि चालक ठार झाला. त्या गाडीत बेरेगोवोय, लिओनोव, तेरेश्कोवा आणि निकोलायेव होते.

दुसरी मोहीम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. 11, 12 आणि 13 तारखेला सोयूझ-6, 7 आणि 8 अशी तीन यानं निघाली, एकाच वेळी सात माणसं कक्षेत. सोयूझ-8 साठी खरं तर निकोलायेव आणि सेवास्त्यानोव यांची जोडी होती, पण तयारीच्या परीक्षेत ती कमी पडली. अनुभवी म्हणून शतालोव आणि येलिसेयेव यांना बसवलं गेलं, पहिल्या उड्डाणाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. सोयूझ-7 ला सोयूझ-8 ने जोडायचं आणि सोयूझ-6 ने बाजूने चित्रण करायचं, असा बेत होता.

आणि सोयूझ-8 मधली इग्ला बंद पडली.

मुलांना मी इथे थांबवतो आणि विचारतो, जानेवारीत याच हातांनी यान जोडलं होतं, मग आता हाताने का नाही? कारण जानेवारीत हाताचं काम शेवटच्या 100 मीटरचं होतं. आता अंतर मोजणारं दुसरं साधनच यानात नव्हतं. जमिनीवरून कक्षा मोजून, इंजिनं किती चालवायची ते कळवून दोन्ही यानं सुमारे 500 मीटरपर्यंत आली. पण तिथे खिडकीतून दिसणाऱ्या ठिपक्यावरून तो जवळ येतोय की लांब जातोय, किती वेगाने, हे ठरवायचं कसं? प्रयत्न झाले, यानं पुन्हा लांब गेली, जोडणी झाली नाही. इतका तयारीचा वैमानिक डोळ्यांनी अंतर जोखू शकत नसेल तर ती उणीव यानाची. जोडणी ठरली होती हेसुद्धा बाहेर सांगितलं गेलं नाही, ‘सामूहिक उड्डाण यशस्वी’ एवढंच जगाला कळलं. शतालोव यांच्याबद्दल लोकांना आज फारसं माहीत नाही याला हा लपवाछपवीचा कारभार बराच जबाबदार आहे, असं मला वाटतं. काय चुकलं हेच सांगितलं नाही, तर माणसाने काय सोसलं हे कसं कळणार?

तिसरी मोहीम माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची. 19 एप्रिल 1971 ला जगातलं पहिलं अंतराळस्थानक साल्यूत-1 कक्षेत गेलं. 23 एप्रिलला सोयूझ-10 मधून शतालोव, येलिसेयेव आणि रुकाविश्निकोव निघाले. आता यानाच्या नाकावर नवी रचना होती. दांडा आणि शंकू तेच, पण जोडणी घट्ट झाल्यावर तो दांडा काढून आतूनच स्थानकात जाता येईल अशी. 24 एप्रिलला इग्लाने यान सुमारे 180 मीटरवर आणलं, तिथून शतालोव यांनी हाताने नेलं, दांडा शंकूत शिरला आणि पकडला गेला. वैमानिकाचं काम तिथे संपलं होतं. पण दांडा आत खेचला जाऊन दोन्ही कडा एकमेकींना भिडायला हव्यात, त्या भिडल्या नाहीत. सुमारे 9 सेंटिमीटरची फट राहिली.

झालं असं की दांडा पकडला गेल्यावर यान थोडं डोललं. ते डोलणं शोषून घेण्याची सोय डॉकिंगच्या यंत्रणेतच होती, तिला थोडा वेळ द्यायला हवा होता. पण यानाची दिशा सांभाळणारी स्वयंचलित प्रणाली चालूच होती. तिला वाटलं यान वाकडं होतंय, म्हणून ती छोटी इंजिनं चालवून ते सरळ करू लागली. एक यंत्रणा यानाला हलू देत होती आणि दुसरी हलू देत नव्हती. त्या झटापटीत धक्का शोषणाऱ्या भागावर झेपणार नाही इतका ताण आला आणि तो मोडला. दोन्ही यंत्रणा आपापल्या जागी ठीक होत्या. चूक होती ती दोघींना एकमेकींची खबर नसण्यात. वर्गात मी कितीही समीकरणं लिहिली तरी या एका उदाहरणाने मुलांना जे उमगतं ते त्यांनी उमगत नाही.

साडेपाच तास यान तसंच लटकलेलं राहिलं. मग सुटायचं ठरलं तर सुटेना. यानाचा काही भाग तोडून मागे सोडणं शक्य होतं, पण साल्यूतला एकच दार होतं आणि ते कायमचं अडलं असतं, पहिलं स्थानक वाया गेलं असतं. पुढच्या प्रयत्नात यान मोकळं झालं आणि तिघे रात्रीच्या अंधारात सुखरूप उतरले. व्लादिमीर सिरोम्यात्निकोव यांच्यासारख्या अभियंत्यांनी मोडलेल्या भागाचं कारण शोधून तो बळकट केला आणि दीड महिन्यात, 7 जूनला, सोयूझ-11 साल्यूतला घट्ट जोडलं गेलं. सोयूझ-11 मधले तिघे परतताना यानातली हवा निघून गेल्याने दगावले, पण डॉकिंगच्या यंत्रणेने आपलं काम चोख केलं होतं. सोयूझ आणि प्रोग्रेस यानं आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाला ज्या दांडा-शंकूने जोडली जातात तो याच रचनेचा वंशज आहे.

पुढचं थोडक्यात. 1971 मध्येच जनरल कमानिन यांच्या जागी शतालोव वायुदलातर्फे अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख झाले आणि 1987 पर्यंत ते काम त्यांच्याकडे होतं. अपोलो-सोयूझची 1975 ची संयुक्त जोडणी त्यांच्याच कारकिर्दीत झाली. स्टार सिटीत, म्हणजे अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाच्या गावी, राकेश शर्मा आणि त्यांचे राखीव रवीश मल्होत्रा शिकत होते तेव्हाही वरची जबाबदारी शतालोव यांचीच होती, आणि प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख होते तेच सोयूझ-3 चे बेरेगोवोय. डॉकिंग फसणं म्हणजे काय हे स्वतः भोगलेल्या दोन माणसांच्या हाताखाली आपले वैमानिक तयार झाले, हे मला फार मोठं वाटतं. 1987 ते 1991 शतालोव स्वतः त्या केंद्राचे प्रमुख होते. 15 जून 2021 ला, वयाच्या 93 व्या वर्षी, ते गेले.

इस्रोच्या स्पेडेक्समुळे, म्हणजे कक्षेत दोन उपग्रह जोडण्याच्या प्रयोगामुळे, हा प्रश्न पडला असेल, तर एक योगायोग सांगतो. आपली जोडणीही 16 जानेवारीलाच झाली, 2025 मध्ये, शतालोव यांच्या जोडणीनंतर बरोबर 56 वर्षांनी. सुमारे 220 किलोच्या त्या दोन उपग्रहांमध्ये माणूस नव्हता. आधी एकदा उपग्रह अपेक्षेपेक्षा जास्त सरकल्यामुळे इस्रोने जोडणी पुढे ढकलली होती, मग 3 मीटरपर्यंत नेऊन मागे घेतली आणि त्यानंतरच जोडली. हे जमलं कारण अंतर आणि वेग मोजणारी एकाहून अधिक साधनं त्यांच्यावर होती, लेसरने अंतर मोजणारं धरून. सोयूझ-8 मध्ये शतालोव यांच्याकडे नेमकं तेच नव्हतं.